वळणच्या पाद्र्याची वाळवी

गोंदिया जिल्ह्यात मालगुजारी तलावांच्या पाळींवर आणि धानाच्या बांध्यांलगत ज्या जुन्या आमराया उभ्या आहेत, त्यांच्या बुंध्यांवर पावसाळा सरता सरता मातीचे पापुद्रे चढू लागले, म्हणजे बागवान आधी जवळचे वारूळ खणून काढतो आणि मग दुकानातून औषध आणतो. मात्र झाडावर चढलेली उधई, म्हणजे वाळवी, नेमकी कोणत्या जातीची, याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी ती निष्ठेने घेतली, त्यांत दोन ख्रिस्ती पाद्री होते.

तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील वळण येथील मिशनात असलेले जेसुइट पाद्री हाईम यांनी धर्मकार्यातून वेळ काढून भोवतालच्या वाळवीचे नमुने गोळा केले आणि ते एरिख वासमान या आपल्याच पंथातील कीटकशास्त्रज्ञाकडे युरोपात धाडले. वासमान यांनी १९०२ साली त्यांचे वर्णन केले. आणि अशा रीतीने वारुळे उभारणाऱ्या एका जातीस गावावरून ‘ओडोंटोटर्मिस वॅलोनेन्सिस’, तर झाडे पोखरणाऱ्या दुसरीस खुद्द पाद्रीबुवांवरून ‘कॉप्टोटर्मिस हाइमी’ ही नामे प्राप्त झाली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर जोसेफ आसमूट यांनी वारुळात आश्रितासारखी राहणारी, पंखांच्या जागी नुसते खुंट आणि मागे फुगलेले उदर असलेली एक चिमुकली माशी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासली, आणि १९१३ साली मुंबई इलाख्यातील लाकूडखाऊ वाळवीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला.

हे लेखन बागायतदारांसाठी नव्हते. परंतु वाळवीच्या जाती ओळखण्याचे ज्ञान बागेइतके अन्यत्र क्वचितच उपयोगी पडत असेल. पापुद्रा नखाने खरवडावा आणि आतील वाळवीतला मोठ्या डोक्याचा शिपाई (रक्षक) भिंगाखाली धरावा. डाव्या जबड्यावर दात दिसला, तर तो ओडोंटोटर्मिस प्रजातीतला. ही उधई मोठ्या झाडाची बहुधा वाळलेली सालच खाते, आणि वारुळात जी बुरशी जोपासते, तिच्यापासूनच पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या सात्या नावाच्या अळंब्या पावसाळ्यात उगवतात. कोवळ्या कलमांना तिच्यापासून जपावे. जुन्या आंब्याचे पापुद्रे मात्र खरवडून टाकले तरी पुष्कळदा भागते. याउलट शिपायाच्या कपाळावरील छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब आला, तर तो कॉप्टोटर्मिस समजावा. ही वाळवी वारूळ बांधीतच नाही. छाटणीच्या जखमेतून वा वठलेल्या फांदीतून ती आत शिरते आणि बाहेरून हिरव्यागार दिसणाऱ्या वृक्षाचा गाभा पोखरते. तिच्या बंदोबस्तासाठी शेजारचे वारूळ खणणे व्यर्थ होय. वठलेली फांदी वेळीच कापून त्या जखमेवर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणाची बोर्डो पेस्ट लावणे अधिक हिताचे.