आजोबा स्वस्थ बसले की दिवा का विझतो?

रात्री अंधारात संडासाकडे जाणाऱ्या माणसासाठी हल्ली एक छोटासा दिवा मिळतो. त्याचे बटण दाबावे लागत नाही. माणूस जवळ आला की तो आपोआप लागतो आणि माणूस निघून गेला की थोड्या वेळाने विझतो. काही दिवे भिंतीला चिकटवायचे असतात, तर काही कमोडच्या कडेला अडकवायचे. तुमच्यापैकी काहींच्या घरी असा दिवा असेलही. असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या त्याविषयीच्या तक्रारीही तुमच्या कानांवर आल्या असतील. “मी आत बसलेलो असताना हा मध्येच विझतो,” ही पहिली तक्रार. “मी थेट त्याच्या रोखाने चालत गेलो तरी लवकर लागत नाही, आणि मांजर आडवे गेले की मात्र चटकन लागतो,” ही दुसरी. तिसरी तक्रार उन्हाळ्यात ऐकू येते : “मे महिन्यात हा दिवा आळशी होतो!” दुकानदार म्हणतो, सेल बदला. पण नवे सेल घातले तरी तक्रारी कायम राहतात, कारण दोष सेलचा नसतोच. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. हा दिवा माणसाला पाहत नाही. मग तो पाहतो तरी काय?

हे समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही स्वतःच एक दिवा आहात! प्रत्येक पदार्थ त्याच्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकत असतो. विजेच्या बल्बमधील तंतू इतका तापलेला असतो की त्याच्या प्रारणाचा काही भाग आपल्या डोळ्यांना दिसतो. आपल्या त्वचेचे तापमान मात्र ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या तापमानाच्या वस्तूचे प्रारण सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीला सर्वांत तीव्र असते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) डोळ्याला दिसणारा तांबडा प्रकाश ०.७ मायक्रॉनच्या आसपास संपतो. म्हणजे आपला हा ‘उजेड’ तांबड्याच्या पुष्कळच पलीकडचा, अवरक्त आहे. तांबड्यापलीकडे असे अदृश्य किरण असतात, हे विल्यम हर्शेल याने १८०० साली दाखवून दिले. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याने तापमापके ठेवली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथलाही पारा चढला.

आता थोडे गणित करू. ३३ अंशांचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट प्रारण बाहेर टाकतो. हा आकडा मोठा वाटतो. पण २५ अंशांची भिंतसुद्धा सुमारे ४५० वॅट टाकतच असते! म्हणजे भिंतीच्या पार्श्वभूमीवर तुम्ही ‘उजळ’ दिसता ते फक्त ५० वॅटच्या फरकाने. कपड्यांचा पृष्ठभाग त्वचेपेक्षा थंड असल्यामुळे तिथे हा फरक आणखी कमी. दिव्यातील संवेदकाला एवढ्याशा फरकावर काम भागवावे लागते.

ते कसे भागते, याची कथा एका खड्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलीन नावाचे खडे युरोपात नेले. गरम निखाऱ्यांजवळ ठेवला की हा खडा राख आपल्याकडे ओढून घेई. म्हणून डच लोकांनी त्याचे नावच ‘राख ओढणारा’ असे ठेवले. हे चुंबकत्व नसून वीज आहे, आणि तापलेल्या खड्याच्या दोन टोकांवर विरुद्ध प्रकारचे विद्युत्भार जमतात, हे एपिनस या शास्त्रज्ञाने १७५६ साली दाखवले. पुढे १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने या आविष्काराला स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण त्याला उत्तापविद्युत् म्हणतो.

टूर्मलीनसारख्या स्फटिकाच्या अंतरंगात धन आणि ऋण भारांची मांडणी एका बाजूला झुकलेली असते. त्यामुळे त्याचे एक टोक नेहमीच धन आणि दुसरे ऋण असायला हवे. मग एरवी ते जाणवत का नाही? कारण आसपासच्या हवेतील भटके भार त्या टोकांवर येऊन बसतात आणि हिशेब मिटवून टाकतात. स्फटिक तापला की आतली मांडणी थोडी बदलते आणि जुना हिशेब जुळेनासा होतो. तेवढ्यापुरते भार उघडे पडतात, वीज मिळते. स्फटिकाचे तापमान आता कितीही जास्त असो, ते स्थिर राहिले की थोड्याच वेळात हिशेब पुन्हा मिटतो आणि वीज नाहीशी होते. म्हणजे या स्फटिकाला उष्णता कळत नाही. त्याला फक्त उष्णतेतला बदल कळतो. सगळी गंमत इथेच आहे.

आपल्या दिव्याच्या संवेदकात टूर्मलीन नसतो. त्यात अशाच गुणधर्माच्या मृत्तिका-पदार्थाचे किंवा लिथियम टँटालेटच्या स्फटिकाचे दोन चिमुकले तुकडे शेजारीशेजारी बसवलेले असतात. त्यांच्यासमोरच्या खिडकीतून साधारणपणे ५ ते १४ मायक्रॉनचेच किरण आत येतात, दृश्य प्रकाश येत नाही. दोन तुकडे कशासाठी? ते उलटसुलट जोडलेले असतात, म्हणून. सगळी खोलीच हळूहळू तापली, तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात. एकाची वीज दुसऱ्याच्या विजेला खोडून काढते आणि दिवा गप्प राहतो. माणूस आडवा चालत गेला, तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते आणि मग दुसऱ्यावर. विजेचा एक ठोका धन, पुढचा ऋण. हे ठोके फार क्षीण असतात. ते वाढवणारे मंडल त्यांची वाट पाहत असते आणि ठोका मिळाला की दिवा लावते.

दिव्यावरचा दुधी रंगाचा फुगीर घुमट तुम्ही नीट पाहिलात, तर त्यावर लहान लहान खणांची नक्षी दिसेल. ती शोभेसाठी नाही. तो प्रत्येक खण म्हणजे एक चपटे भिंग आहे. फ्रान्समध्ये फ्रेनेल याने १८२३ साली दीपगृहासाठी जाड भिंगाचे वर्तुळाकार पट्टे पाडून ते पातळ करण्याची युक्ती वापरली; तीच युक्ती इथे दिसते. दीपगृहात ती प्रकाश बाहेर फेकते, इथे उष्णता आत गोळा करते. घुमट काचेचा न करता पॉलिथीनचा करतात, कारण साधी काच या लांब तरंगांना अडवते आणि पातळ पॉलिथीन त्यांना जाऊ देते. या खणांमुळे दिव्यासमोरच्या जागेचे हाताच्या बोटांसारखे पट्टे पडतात. त्यांतून चालणारा माणूस क्षणात ‘दिसतो’, क्षणात ‘लपतो’, आणि बदल हवा असलेल्या संवेदकाला तो भरपूर मिळतो.

आता तक्रारींकडे वळू. आजोबा स्वस्थ बसले की त्यांची ऊब त्याच पट्ट्यांत स्थिर राहते. बदल नाही, म्हणून वीज नाही. ठरलेली मुदत संपली की दिवा विझतो. त्याच्या लेखी आजोबा म्हणजे आणखी एक भिंतच! थेट दिव्याच्या रोखाने चालत येणारा माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात फारसा जात नाही, दोन्ही तुकड्यांवर सारखाच पडतो, म्हणून दिवा उशिरा लागतो. मांजर आडवे जाते आणि ते उष्ण रक्ताचे आहे, म्हणून त्याचे काम चटकन होते. पण भिंतीवर फिरणारी पाल पाहा. तिच्या शरीराचे तापमान जवळजवळ भिंतीइतकेच असल्यामुळे ती कितीही धावली तरी दिव्याला तिचा पत्ता नसतो. (ती घुमटावरच चढली तर गोष्ट वेगळी.) आणि मे महिना? स्लॅबखालच्या खोलीच्या भिंती दिवसभर तापून रात्रीही ३३ अंशांच्या आसपास राहिल्या, तर वर काढलेला ५० वॅटचा फरक जवळजवळ शून्यावर येतो. दिवा आळशी झालेला नसतो. त्याच्या दृष्टीने माणूसच अदृश्य झालेला असतो.

“एवढी खटपट कशाला? सरळ मोठा बल्ब लावावा!” असे तुम्ही म्हणाल. याचे उत्तर डोळ्यात आहे. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी. प्रखर प्रकाशात दंडपेशींमधील रंगद्रव्य विघटित होते आणि ते पूर्ववत होण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून झोपेतून उठून लख्ख दिवा लावणारा माणूस जाताना नीट जातो, पण दिवा मालवून परत येताना काही काळ आंधळाच असतो. म्हातारपणी हे अधिकच. बाहुली पुरेशी मोठी होत नाही, डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलाही वेळ लागतो. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यातच एकदम उठून उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते आणि चक्कर येते. न्हाणीघराची ओली फरशी, दाराचा उंबरठा आणि अंधार! पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिला आहे, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा वाटा मोठा आहे. आजीचे कमरेजवळचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला आकडे सांगण्याची गरज नाही.

म्हणून रात्रीचा दिवा मंद हवा, डोळ्यांत न येता फरशीवर पडणारा हवा, आणि शक्यतो तांबूस किंवा पिवळसर हवा. तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय दृष्टिपटलात आणखी एका प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असल्याचे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या निळ्या प्रकाशाने विशेष जाग्या होतात आणि ‘दिवस उजाडला’ असा निरोप मेंदूला देतात. पांढऱ्याशुभ्र दिव्यात निळा भाग बराच असतो, त्यामुळे मग झोप लवकर लागत नाही. कमोडवर अडकवायच्या काही दिव्यांत आठ-आठ रंग आळीपाळीने बदलण्याची सोय असते. ती मौज मुलांना आवडते खरी, पण आजीला त्याचा उपयोग नाही.

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. जुना तंतूचा ‘झिरोचा बल्ब’ नावालाच शून्य. तो साधारण १५ वॅटचा असे. रोज दहा तास जळला तर वर्षाला सुमारे ५५ युनिटे होतात. आता समजा, आपल्या दिव्यात १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे तीन बारीक सेल एकसरीत आहेत आणि लागल्यावर तो २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. रात्रभर दहा तास तेवत ठेवला, तर पाच रात्रींत सेल संपतील. पण रात्रीच्या तीन फेऱ्यांत मिळून तो १२ मिनिटेच लागला, तर ४ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. संवेदक मात्र चोवीस तास जागा असतो, त्याला ०.०६ मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर दिवसाला सुमारे दीड. म्हणजे एकूण साडेपाच, आणि सेल सहा महिने पुरतात. दिवसा दिवा लागू नये म्हणून त्यात प्रकाश ओळखणारा आणखी एक संवेदक असतो, तो वेगळाच.

दिवा कुठे लावावा, हे आता तुम्हीच घरच्यांना सांगू शकाल. चालण्याच्या वाटेच्या समोर नको, बाजूला हवा, म्हणजे माणूस त्याला आडवा जाईल. बंद दारापलीकडचे त्याला काही दिसत नाही, म्हणून बोळातला एक दिवा पुरत नाही. संडासाच्या आत दुसरा लागतो. आतला दिवा एक-दोन मिनिटे तरी लागून राहणारा निवडावा आणि बसलेल्या माणसाचे हात त्याच्या टप्प्यात येतील असा लावावा. विझलाच, तर जागेवरून न उठता हात आडवा हलवावा, हे आजोबांना आधीच करून दाखवा. अंधारात चाचपडत उठण्यापेक्षा ते बरे.

सेलवर चालणारा दिवा मिळाला, तर काही प्रयोग करून पाहा. (घरच्या विजेवर चालणारा दिवा उघडू नका.) दिव्यासमोर काचेचा तुकडा टेकवून ठेवा, दिवा विझू द्या आणि मग त्याच्यासमोरून चाला. काचेऐवजी पातळ पॉलिथीनची पिशवी लावून तेच करा. नंतर उघडलेल्या छत्रीआड लपून जा. शेवटचा प्रयोग चिकाटीचा आहे. प्रकाश-संवेदकावर काळी पट्टी चिकटवा, म्हणजे दिवा दिवसाही चालेल. मग मे महिन्यात पहाटे, दुपारी आणि रात्री, दिव्याला आडवे चालत तो जास्तीत जास्त किती अंतरावरून लागतो ते मोजा, आणि भिंतीला टेकवलेल्या तापमापकाचा आकडा शेजारी लिहा. कोणत्या तापमानाला हे अंतर सर्वांत कमी भरते, आणि भिंत तुमच्या त्वचेहूनही जास्त तापली तर ते पुन्हा वाढते का, तेही तपासा.