विभागलेला मारा

औषध रक्तात किती उतरले हे सांगणाऱ्या चाचण्या आहेत. ते पेशीच्या कोणत्या भागात जाऊन साठले, हे कळणे अवघड. औषधाला चमकणारा रंग जोडून माग काढता येतो, पण कित्येकदा रंगाचा रेणू औषधाएवढाच मोठा. मग दिसते ते औषधाचे वागणे की रंगाचे, ही शंका उरतेच. रंगाशिवाय ओळख पटवायची तर रेणूचे वस्तुमानच मोजावे लागते. सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे ‘सिम्स’, हेच करते. निर्वातात ठेवलेल्या नमुन्यावर आयनांचा झोत सोडायचा, पृष्ठभागावरून उडालेले विद्युतभारित कण मोजायचे आणि झोत बिंदूबिंदूने सरकवत नकाशा काढायचा.

गॅलियम किंवा सिझियमचा एकेकटा आयन मारला, तर तो खिळ्यासारखा आत घुसतो आणि वाटेतल्या नाजूक रेणूंची मोडतोड करतो. म्हणून चौरस सेंटिमीटरला सुमारे 10 लाख कोटी आयनांपलीकडे जायचे नाही, असा जुना दंडक होता. त्यात पृष्ठभागाचा जेमतेम 1 टक्का हाती लागे. मारा कमी करणे हा यावरचा सरळ उपाय वाटतो, पण खरा उपाय निघाला मारा विभागण्याचा. मँचेस्टरमध्ये जॉन व्हिकरमन यांच्या गटाने 2003 साली 60 कार्बन अणूंच्या गोलकाचा झोत जैविक अभ्यासासाठी पुढे आणला. जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी हजारो आर्गॉन अणूंचे गुच्छ वापरले. गणित सोपे आहे: 20,000 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा 2,000 अणूंत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला फक्त 10 येतात. आत शिरण्याएवढे बळ कोणातच नसते, पण सगळ्यांचा धक्का वरच्या काही नॅनोमीटरांतच बसतो आणि रेणू अखंड सुटतात. जे थोडे बिघडते, तेही त्याच धक्क्यात उडून जाते. त्यामुळे थरामागून थर काढत पेशीच्या आत जाता येते. माझ्या मते खरी कमाई हीच. नकाशाची सुबकता दुय्यम.

ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील इयन गिल्मोर आणि सहकाऱ्यांनी 2017 साली आर्गॉन गुच्छांना ऑर्बिट्रॅप या काटेकोर मापकाची जोड दिली, आणि हृदयाच्या ठोक्यांवरचे अमायोडॅरोन हे औषध उंदराच्या भक्षक पेशींत कुठे साठते, ते रंगाविना दाखवले.

आक्षेप घेणारे म्हणतील, प्रथिनांसारखे मोठे रेणू पाहायचे तर लेसर वापरणारी माल्डी पद्धत सरस आहे. खरे आहे. गुच्छांचे राज्य मेदरेणू, औषधे आणि चयापचयातले छोटे रेणू यांच्यापुरतेच. मोठा गुच्छ बारीक बिंदूवर आणणेही कठीण, म्हणून अनेकदा तीन बिस्मथ अणूंच्या झोताने चित्र घेतात आणि आर्गॉनने थर तासतात. सर्वांत बोचरी उणीव वेगळीच: उडालेल्या रेणूंतले फारच थोडे विद्युतभारित होतात, बाकीचे मोजमापाबाहेर राहतात. पाण्याच्या रेणूंचे गुच्छ प्रोटॉन पुरवून हा वाटा वाढवतात, तरी ही अडचण सुटली असे म्हणणे घाईचे ठरेल.

रुग्णालयांना याचा उपयोग कधी, याचे उत्तर यंत्रापेक्षा नमुन्यावर जास्त अवलंबून आहे. मुंबईच्या आयआयटीत सिम्स यंत्र आहे. पण हुबळी-धारवाड असो की पुणे, बायोप्सी सहसा फॉर्मेलिनमधून मेणाच्या ठोकळ्यात जाते, आणि त्या वाटेवरचे अल्कोहोल व झायलीन बहुतेक मेद धुऊन नेतात. ज्या रेणूंसाठी गुच्छ मारायचे तेच आधी गेलेले असतात. अशा तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढताक्षणी गोठवायला हवा आणि यंत्रापर्यंत गोठलेलाच पोहोचायला हवा.