जुन्या मोटारीचें वायरिंग



जुन्या मोटारीचा शौक आतां केवळ संस्थानिकांपुरता राहिलेला नाहीं. आजोबांनीं हौसेनें घेतलेली गाडी नातवाच्या वांट्यास येते, आणि ती पुन्हां रस्त्यावर आणावी असें त्याच्या मनांत येतें. प्रथम एंजिन उकललें जातें. मग पत्र्याचें काम होतें. मग रंग, मग गाद्या. गाडी आरशासारखी लखलखूं लागते. परंतु डॅशबोर्डच्या मागें डोकावून तेथील वायरी कोणत्या स्थितींत आहेत हें पाहणारा मालक विरळाच. रंग उडाला तर गाडी कुरूप दिसते, एंजिन रुसलें तर ती उभी राहते. पण वायरिंग कुजलें तर ती पेट घेऊं शकते, आणि तीही आंत माणसें बसलेलीं असतांना. म्हणून हें काम कां करावें, केव्हां करावें आणि कोणत्या क्रमानें करावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

विषय नेमका व्हावा म्हणून एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवूं. ती म्हणजे मॉरिस मायनर. अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याच्या कल्पनेंतून उतरलेली ही मोटार १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत लोकांपुढें आली आणि इंग्लंडांत सन १९७१ च्या सुमारापर्यंत तयार होत राहिली. तेवढ्या काळांत सोळा लाखांच्या आसपास मायनर बाहेर पडल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें हीच मोटार ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें विकली. त्यामुळें मायनरविषयीं जें सांगावयाचें, तें आपल्या इकडील पुष्कळ जुन्या गाड्यांनाही लागू पडतें.

मोटारींतील विजेची रचना घरांतील रचनेहून निराळी आहे. घरांत प्रत्येक दिव्याकडे वीज एका वायरीनें जाते व दुसरीनें परत येते. मोटारींत परतीची वायर बहुधा नसतेच. गाडीची लोखंडी बॉडी हीच सर्व दिव्यांची व यंत्रांची सामाईक परतवाट असते. बॅटरीचें एक टोक बॉडीला जोडलेलें असतें, दुसऱ्या टोकापासून वायरी निघतात, आणि दिव्यांतून गेलेला प्रवाह पत्र्यावाटे बॅटरीकडे परततो. यांत तांब्याची बचत होते, पण एक धोकाही येतो. बॉडीचा पत्रा सर्वत्र पसरलेला असल्यामुळें, वायरीवरचें आवरण कोठेंही फाटलें कीं तिला परतवाट तेथल्या तेथें सांपडते. प्रवाहाला मग दिव्यापर्यंत जाण्याचें कारणच उरत नाहीं.

यावरून वायरीचें आवरण ही गोष्ट किती मोलाची आहे हें ध्यानांत येईल. मायनरच्या आरंभीच्या वर्षांत हें आवरण रबराचें असे आणि त्यावर रंगीत सुताचें विणकाम असे. सूत दिसावयास सुरेख, पण रबराला आयुष्याची मर्यादा आहे. एंजिनाची उष्णता, ऑइलचे शिंतोडे आणि हवेंतील प्राणवायु यांच्या योगानें तें प्रथम कडक होतें, मग त्यास तडे जातात, आणि शेवटीं वायर वांकवितांच तें पापडासारखें तुटून पडतें. ही झीज वापरानें होत नसून वयानें होते. म्हणून ‘गाडी फारशी चाललीच नाहीं’ हें समाधान येथें उपयोगाचें नाहीं. तीस वर्षें गॅरेजांत झांकून ठेवलेल्या गाडीचें रबरही तीस वर्षांनीं म्हातारें झालेलेंच असतें. त्यांत मुंबई-कोंकणची खारट, दमट हवा मिळाली म्हणजे टोकांकडून ओल आंत शिरते आणि तांब्याचे धागे हिरवे-काळे पडत जातात. बंद गाडींत उंदीर शिरले तर त्यांचे दांत उरलेलें काम करतात.

आतां धोक्याचें खरें स्थान पाहूं. आजच्या मोटारींत डझनावारी फ्यूज असतात. मायनरमध्यें मूळचे फ्यूज दोनच. एक हॉर्नसारख्या सदैव वीज लागणाऱ्या वस्तूंकरितां, आणि दुसरा किल्ली फिरविल्यावर चालू होणाऱ्या वायपर, ब्रेकचा दिवा, पेट्रोलचा कांटा इत्यादींकरितां. बॅटरीकडून येणारी मुख्य वायर, पुढच्या मोठ्या दिव्यांची वायर आणि इग्निशनची वायर यांच्या वाटेंत फ्यूज मुळींच नाहीं. फ्यूज असतो तो दिव्याच्या रक्षणासाठीं, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो वायरीच्या रक्षणासाठीं असतो. वायरीला झेपेल त्याहून अधिक प्रवाह तिच्यांतून जाऊं लागला, तर वायर तापून लाल होण्यापूर्वीं फ्यूजनें वितळावें, एवढेंच त्याचें काम. जेथें फ्यूज नाहीं तेथें वायर स्वतःच फ्यूज होते. एंजिन फिरविणाऱ्या स्टार्टरला शेंकडों अँपिअर प्रवाह पुरविणारी बॅटरी एखाद्या बारीक वायरीला क्षणांत तापवूं शकते. शिवाय ती वायर एकटी नसते. दहा-वीस वायरींच्या जुडग्यांत ती गुंडाळलेली असते. एकीचें आवरण वितळलें कीं शेजारणींचेंही वितळतें, आणि एका जागचा बिघाड साऱ्या गाडीभर पसरतो.

येथें साध्या गणिताची मदत घेऊं. वॉटला व्होल्टनें भागिलें कीं अँपिअर मिळतात. मायनरच्या मोठ्या दिव्याचा मूळचा बल्ब ४२ वॉटचा. दोन मिळून ८४ वॉट. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह ७ अँपिअर. ०.३० मिलिमीटर जाडीचे १४ धागे असलेली आजची साधी मोटार-वायर सुमारें पावणेनऊ अँपिअर वाहूं शकते. म्हणजे ती येथें पुरते. परंतु मालकानें अधिक उजेडाच्या हौसेनें ६० वॉटचे हॅलोजन बल्ब बसविले कीं तोच प्रवाह १० अँपिअर होतो, आणि दोहोंचा भार एकत्र वाहणारी तीच वायर अपुरी पडते. २८ धाग्यांच्या वायरीची क्षमता साडेसतरा अँपिअर असते. तेथें ती घातली पाहिजे. बल्ब बदलणें हें पांच मिनिटांचें काम आहे. पण त्यामागील वायर न बदलतां तें केलें तर आपण आगीची तयारी करून ठेवतों.

फ्यूजच्या बाबतींत आणखी एक फसगत होण्यासारखी जागा आहे. ल्यूकस कंपनीच्या जुन्या कांचेच्या फ्यूजवर ‘३५’ हा आंकडा असतो. तो फ्यूज ३५ अँपिअरला वितळतो. सतत मात्र तो सतराएक अँपिअरच वाहतो. आजच्या चपट्या फ्यूजवरील आंकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणून ‘पस्तिसाच्या जागीं पस्तीस’ असें म्हणून नवा फ्यूज घातला तर संरक्षण निम्म्यावर येतें.

इंग्लंडांतील मोटार-शौकीन या ल्यूकस कंपनीला थट्टेनें ‘अंधाराचा राजा’ म्हणत आले आहेत. दिवे मधूनच मालवतात, वायपर अडतात, हा तिच्यावरील आरोप. परंतु या तक्रारींतला पुष्कळसा भाग कंपनीपेक्षां काळाकडे आणि गंजलेल्या सांध्यांकडे जातो. सांध्यावर गंज चढला कीं विजेचा कांहीं दाब तेथेंच खर्च होतो. दाब दहा टक्क्यांनीं घटला तर बल्बचा प्रकाश दहा टक्क्यांनीं घटत नाहीं. तो सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. पिवळसर, मलूल दिवे हें म्हणून नेहमींच बॅटरीचें दुखणें नसतें.

तेव्हां प्रश्न असा उरतो, कीं तुटेल तेवढी वायर बदलीत जावें, कीं सारें वायरिंग एकदम नवें करावें? तुटेल तेथें जोडण्याची रीति स्वस्त वाटते. पण जिचें रबर एका ठिकाणीं तुटलें तिचें इतरत्रही तुटण्याच्या बेतांत असतें, आणि दुरुस्तीसाठीं जुडगा हलविला कीं शेजारच्या वायरी नव्यानें उघड्या पडतात. चाळीस वर्षांत चार मिस्त्रींनीं चार रंगांच्या वायरी जोडलेल्या असल्या, तर पुढें बिघाड शोधणें हेंच अशक्य होऊन बसतें. आवरण एके जागीं वयानें फुटलेलें दिसलें, कीं संपूर्ण जुडगा, ज्याला गॅरेजांत हार्नेस म्हणतात, तो बदलावा हेंच शहाणपणाचें.

हें काम क्रमानें केल्यास अवघड नाहीं. घाईनें केल्यास अशक्य आहे. प्रथम बॅटरीचीं दोन्ही टोकें सोडावीं. गाडीच्या नेमक्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा मिळवावा, कारण वर्षागणिक फरक होत गेले आहेत. मग एकही वायर काढण्यापूर्वीं प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि प्रत्येक जोडाचें छायाचित्र घ्यावें. आजकाल खिशांतल्या फोननें तें सहज होतें. जुना हार्नेस कापून काढूं नये. तो अखंड बाहेर काढून लांब फळीवर पसरावा, फांट्यांच्या जागीं खिळे ठोकावे, आणि त्याच मापानें नवा हार्नेस मांडावा. तयार हार्नेसही मिळतात; तरी तो जुन्याशेजारीं ठेवून ताडून पाहावा. जुना फेंकून देण्याची घाई करूं नये. काम संपून महिना लोटेपर्यंत तोच आपला उत्तम साक्षीदार असतो.

रंगांची पद्धति मात्र कदापि मोडूं नये. इंग्लिश मोटारींत रंग ही एक भाषाच आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, सदैव जिवंत वायर. पांढरी म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. तीच फ्यूजमधून पार पडली कीं हिरवी होते. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली, पण किल्लीवर अवलंबून नसलेली. तांबडी बाजूच्या व मागच्या लहान दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची, आणि काळी म्हणजे बॉडीकडे जाणारी. निळीवर पांढरी रेघ असली तर लांबचा झोत, तांबडी रेघ असली तर जवळचा. ही भाषा पाळली तर आज केलेलें काम वीस वर्षांनंतरच्या मिस्त्रीलाही वाचतां येतें. बाजारांत मिळाली ती वायर घातली, तर तें आपल्यालाही पुढच्या वर्षीं वाचतां येणार नाहीं.

वायर जेथें पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडें बसविल्यावांचून ती ओढूं नये. हादऱ्यानें पत्र्याची धार आवरण कापते. सांधे वळवून चिकटपट्टीनें गुंडाळूं नयेत. योग्य मापाचें टोक योग्य हत्यारानें दाबून किंवा डाख देऊन बसवावें.

बॉडीशीं होणारे जोड, ज्यांना आपण अर्थिंग म्हणतों, त्यांकडे विशेष लक्ष द्यावें. नवा रंग दिलेल्या गाडीचे दिवे लागत नाहींत, याचें कारण पुष्कळदां तो सुंदर रंगच असतो. तो विजेला अडवितो. प्रत्येक जोडापाशीं पत्रा घांसून स्वच्छ करावा. एंजिन रबरी बैठकीवर बसलेलें असल्यामुळें तें व बॉडी यांस जोडणारी एक जाड पट्टी असते. ती तुटली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट धुंडाळतो, आणि ती वाट अनेकदां चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक तारेची असते. ती तार निखाऱ्यासारखी लाल होते. चार पैशांच्या पट्टीकडे दुर्लक्ष केल्याचा हा परिणाम!

मायनरविषयीं आणखी एक सूचना. तिच्यांत बॅटरीचें धन टोक बॉडीला जोडलेलें असतें. आजच्या गाड्यांत ऋण टोक असतें. संवयीनें उलट जोड झाला तर आजच्या पद्धतीचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर तत्क्षणीं निकामी होतो. गाडींत मागाहून कोणी फेरबदल केला आहे काय, हें पाहूनच बॅटरी जोडावी.

आणि ती जोडतांना एक सोपी परीक्षा करावी. सर्व बटणें बंद ठेवून, बॅटरी व गाडी यांच्यामध्यें एक २१ वॉटचा बल्ब ठेवावा. बल्ब पेटला नाहीं तर ठीक. तो लख्ख पेटला तर कोठेंतरी वायर बॉडीला लागली आहे असें समजावें. बल्ब मध्यें असल्यामुळें पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊं शकत नाहीं, आणि नवें वायरिंग वांचतें. या परीक्षेवांचून बॅटरी थेट जोडूं नये.

मूळ रूप राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांस एक शंका येईल, कीं नव्या वायरिंगनें गाडीचें जुनेपण जाईल काय? २०२१ सालीं भारत सरकारनें केलेल्या नियमांत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चॅसिस, बॉडी व एंजिन यांत मोठे फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. जीर्ण वायर बदलणें हा तसा फेरफार नव्हे. वरून जुन्यासारखें सुताचें विणकाम आणि आंत आजचें टिकाऊ प्लॅस्टिकचें आवरण, अशा वायरीही तयार होतात. मोठ्या दिव्यांच्या वाटेंत दोन-तीन जादा फ्यूज दिसणार नाहींत अशा जागीं बसवितां येतात. त्यांचा आंकडा वायरीच्या क्षमतेहून नेहमीं कमी असावा. बॅटरीपाशीं एक तोडबटण बसवून गाडी उभी करतांना तें बंद करण्याची संवय लावावी.

ज्यांना हें काम स्वतः करावयाचें नाहीं त्यांनींही येत्या सुटीच्या दिवशीं, बॅटरी सोडून, एवढें अवश्य करावें: विजेरी घेऊन डॅशबोर्डच्या मागें पाहावें आणि एक वायर बोटांनीं हलकेच वांकवावी. आवरण वांकलें तर बरें. तें तुटून हातांत आलें, तर वायरिंग नवें होईपर्यंत ती गाडी घरांतल्या माणसांना बसवून बाहेर काढूं नये.