क्रीटला जायचंय? मग सप्टेंबर गाठा!

ग्रीसचं क्रीट बेट बघायचं असेल तर ऑगस्ट सोडा. १५ ऑगस्टला तिथे मरियमचा मोठा सण, अर्धा देश सुट्टीवर, खोल्यांचे भाव चढलेले. सप्टेंबरच्या मध्यावर गर्दी ओसरते. समुद्र मात्र उन्हाळाभर तापून छान कोमट झालेला असतो.

नकाशावर चिमुकलं दिसतं म्हणून एकाच हॉटेलात राहून अख्खं बेट उरकायला जाऊ नका. लांबी २६० किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये २,४५६ मीटरपर्यंत चढणारे डोंगर! माझं मत विचाराल तर पश्चिमेला हानियात चार रात्री, मग इराक्लिओला दोन.

हानियातून समारिया घळीचा ट्रेक कराच. सुमारे १२०० मीटर उंचीवरून सुरुवात, १६ किलोमीटर जवळजवळ सगळा उतार, म्हणजे गुडघे बोलणार. वाट संपते ते आयिया रुमेली गाव. तिथे गाडीरस्ताच नाही, परत यायचं ते बोटीनं. त्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, पण पाऊस-वाऱ्यात बंदही ठेवतात.

इराक्लिओजवळच्या क्नोसोस या प्राचीन राजवाड्याचे ते प्रसिद्ध लाल खांब उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्स यांनी विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले आहेत, हे माहीत असू द्या. खरा ऐवज शहरातल्या संग्रहालयात आहे.

शाकाहारी मंडळींनी 'दाकोस' मागवा: जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल.

आणि हो, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जुलैची वाट बघू नका.