दहा सेकंदांसाठी जागरण

गेले पंधरा दिवस मी रात्री बरोब्बर नऊ वाजून एक मिनिट तीस सेकंदांनी श्वास रोखून बसत होते. कुणाचा मेसेज यायचा होता म्हणून नाही. कोलंबोहून ‘टिट-टिट’ यायची होती म्हणून. तीही फक्त दहा सेकंद!

हे खूळ मामाचं. तो लायसन्सवाला हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. इंटर्नशिपसाठी ‘काहीतरी हटके विषय दे’ म्हणून त्याच्या मागे लागले, तर त्याने हातात एक छोटा शॉर्टवेव्ह रिसीव्हर ठेवला. म्हणाला, ‘‘बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. चौदा पॉइंट एक मेगाहर्ट्झला लाव आणि बस.’’

तिथे ऐकायचं काय, तर बीकन. समुद्रात दीपस्तंभ असतो ना, तसा हा रेडिओचा दीपस्तंभ. अमेरिकेतल्या एका हौशी संस्थेने १९७९ मध्ये एका बीकनपासून सुरुवात केली. आज जगभर अशा अठरा जागा ठरलेल्या आहेत. न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रसंघाचं केंद्र, कॅनडा, हवाई, जपान, श्रीलंका, केनिया, फिनलंड, पेरू... प्रत्येकाला दहा सेकंद. तीन मिनिटांत अठरा जण बोलून होतात आणि पुन्हा पहिल्यापासून. कुणी कुणाच्या मध्ये बोलत नाही. (आमच्या एडिटोरियल मीटिंगला हे जमायला हवं.) आपल्या घड्याळात मिनिटाला तीनने भाग गेला की फेरी सुरू. त्यात कोलंबो दहावं, म्हणून ते ‘एक मिनिट तीस सेकंद’. अठराच्या अठरा कायम चालू असतातच असं मात्र नाही. कुठे मशीन बिघडतं, कुठे अँटेना पडते.

त्या दहा सेकंदांत आधी मोर्समध्ये स्वतःचं नाव येतं. कोलंबोचं नाव ४एस७बी. मग एकेक सेकंदाचे चार लांब डॅश. आणि खरी गंमत या डॅशमध्येच आहे. नाव आणि पहिला डॅश १०० वॅटचा, दुसरा १० वॅटचा, तिसरा १ वॅटचा, चौथा फक्त ०.१ वॅटचा. तुमच्या खोलीतला एलईडी बल्ब ९ वॅटचा असेल, तर त्याचा नव्वदावा भाग! एवढ्याशा ताकदीची हाक पुण्यापासून साधारण चौदाशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. कारण जमिनीपासून दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यामुळे विद्युतभारित झालेला हवेचा थर असतो, आयनोस्फिअर. शॉर्टवेव्ह लहरी त्यातून वळून पुन्हा जमिनीवर येतात. सूर्य जोरात असेल तर थर दणकट. सूर्याचं हे चढ-उताराचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं आणि २०२४ मध्ये ते शिखरावर होतं. चार डॅशपैकी किती ऐकू आले हे मोजलं की आत्ता त्या देशाकडची वाट किती मोकळी आहे ते कळतं. बीकन ठेवलेत ते यासाठीच.

आता माझी फजिती. पहिले तीन दिवस मला काहीच ऐकू आलं नाही. नुसती घरघर. मी फ्लॅटवर राहते. मोबाइलचे चार्जर, एलईडी ट्यूब, वायफायचा राउटर, सगळे मिळून शॉर्टवेव्हवर कचरा ओततात. रूममेट्सना चार्जर काढायला सांगितलं तर एकीने मला अक्षरशः वेड्यात काढलं. तेव्हा कळलं, नारायणगावजवळ खोडदची ती मोठी रेडिओ दुर्बीण शहरापासून इतकी लांब का बांधली असेल. आणखी एक: साध्या रेडिओवर मोर्सचा सूर नीट वाजत नाही, नुसती फुस्स होते. रिसीव्हरला एसएसबी ही सोय लागते. ते बटण मी दाबलंच नव्हतं.

चौथ्या रात्री मात्र घर्रघर्र करत काहीतरी आलं. घड्याळ पाहिलं, नऊ दोन दहा. म्हणजे फिनलंड! सहा हजार किलोमीटर! वहीत ओएच२बी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मामाला फोन लावला.

‘‘नाव ऐकलंस की घड्याळ बघून लिहिलंस?’’ त्याने विचारलं.

मी गप्प.

‘‘अगं, आता कोण येणार हे आधीच माहीत असलं की कान ते ऐकवतोच. खोड ते.’’

खूप राग आला. खरं सांगते, लेखाचा पहिला ड्राफ्ट त्या फिनलंडवरच लिहून झाला होता, मथळ्यासकट. पण वहीतली ओळ खोडली, ड्राफ्टही डिलीट केला.

मग त्याने पद्धत सांगितली. घड्याळ उलटं ठेवायचं. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, चार्जिंगला न लावता. कागदावर फक्त जे कानावर पडलं तेच लिहायचं: किती लांब, किती छोटे, किती डॅश. कोण होतं ते नंतर रेकॉर्डिंगची वेळ जुळवून बघायचं. मोर्सचा वेग मिनिटाला बावीस शब्द, म्हणजे माझ्यासारखीला पूर्ण नाव कळणं मुश्कीलच. पण सुरुवातीचा ठेका पकडता येतो.

शनिवारी वाईला मामाकडे गेले. गच्चीवर विजेच्या तारांपासून लांब दहा मीटर साधी वायर ताणली. शेजारी लग्नाचा डीजे होता, पण शॉर्टवेव्हला तो त्रास देत नाही, फक्त आपल्याला देतो. हेडफोन लावून तासभर बसले. आधी चार छोटे आणि एक लांब, मग तीन छोटे, पुढे गडबड, मग डॅश: एक, दोन, आणि तिसरा अगदी धूसर. जुळवून पाहिलं तर कोलंबो! मामी म्हणाली, तुझी आजी याच बाजूला सुई फिरवून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकायची. केनियाचे दोन डॅश मिळाले. आणि एकदा तीन लांब, चार छोटे, पुढे काही नाही, मग एकच डॅश. वेळ जुळली. ओएच२बी. या वेळी मामाला फोन करायची गरज नव्हती, तो शेजारीच दुसरा हेडफोन लावून बसला होता. त्याच्या कागदावरही तेच होतं.

वहीत त्या रात्रीची एक ओळ अजून अर्धीच आहे. दोन लांब, एक छोटा, मग घरघर. रेकॉर्डिंगमध्येही नीट लागत नाही. समोर देशाचं नाव लिहिलेलं नाही.