गाठ तिची, निर्णय कोणाचा?

१९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात राहणाऱ्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंच्या हाताला स्तनात गाठ लागली. तेव्हाची रीत ठरलेली होती. बाईची आधीच संमतीपत्रावर सही घ्यायची, भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. थिएटरमध्ये जाताना आपल्याला कॅन्सर आहे की नाही, हेसुद्धा बाईला माहीत नसे. शुद्धीवर आल्यावर छातीचं बँडेज चाचपून निकाल कळायचा.

कुशनर यांची मागणी साधी होती: आधी फक्त तुकडा तपासा, मला जागी होऊ द्या, पुढचं मग ठरवू. एकामागून एक सर्जननी नकार दिला.

हे सर्जन दुष्ट नव्हते. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेवर त्यांची श्रद्धा होती. कॅन्सर जवळून दूर पसरत जातो, म्हणून जितकं जास्त कापावं तितकं बरं, असा तो हिशेब. स्तनाबरोबर छातीचे स्नायू जायचे, काखेतल्या लसीकाग्रंथीही जायच्या. छाती खपाटीला जायची, अनेकींचा हात कायमचा सुजायचा. जीव वाचवायचा तर विचारायचं काय त्यात!

त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात गाठ सापडली. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगळ्या ठेवा, हे सांगायला कुशनर यांनी थेट व्हाइट हाउसला फोन लावला. निर्णय राष्ट्राध्यक्षांनी घेतला आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे नवऱ्याने! तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच खेपेत उरकली गेली.

हॉल्स्टेडचा हिशेब चुकला होता, हे पुढे आकड्यांनी दाखवलं. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी या दोन सर्जननी वेगवेगळ्या चाचण्या केल्या. त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये पूर्ण स्तन काढला काय किंवा गाठ काढून स्तन राखला काय, जगण्याचं प्रमाण सारखंच. मात्र फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन न घेतलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं.

आता प्रश्न बदलतो. जगणं सारखंच असेल, तर सर्जनच्या ज्ञानाने अर्धंच उत्तर मिळतं. रेडिएशनसाठी काही आठवडे रोज हॉस्पिटल गाठणं तिला जमेल का? स्तन राखणं तिला किती महत्त्वाचं वाटतं? पुन्हा गाठ येईल ही धास्ती ती कितपत झेलू शकेल? हे तिच्याकडूनच कळणार. अर्थात, गाठी अनेक ठिकाणी असतील किंवा रेडिएशन देताच येत नसेल, तर निवडीला फारसा वाव उरत नाही. तेही तिला स्पष्ट सांगायला हवं.

कॅनडात कॅन्सरतज्ज्ञ टिमोथी व्हेलन यांनी सर्जनसाठी एक फलक तयार केला. दोन्ही उपचार, त्यांचे फायदे आणि त्रास त्यावर मांडलेले. सर्जनने तो समोर धरून समजावायचं. ऑंटारिओतल्या २०१ बायकांवर केलेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. फलक पाहिलेल्या बायकांना माहिती जास्त होती, मनातली घालमेल कमी होती, आणि ९४ टक्के बायकांनी स्तन राखणारी शस्त्रक्रिया निवडली. फलक न पाहिलेल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होतं.

पण लगेच टाळ्या वाजवायला नकोत. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका पाहणीत उलटं चित्र दिसलं: जिथे निर्णय मुख्यतः बाईने घेतला, तिथे पूर्ण स्तन काढण्याचं प्रमाण जास्त होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, असं अनेकींना वाटतं. तिने विचारपूर्वक तसं ठरवलं असेल, तर तो निर्णय मान्य करावा. पण पूर्ण काढला की आयुष्य वाढतं, या समजुतीपोटी ती तसं म्हणत असेल, तर सर्जनचं काम अजून संपलेलं नाही. दोन्हींतला फरक ओळखायला सहसा एक भेट पुरत नाही. ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकल्यावर पुढचं फारसं कानावर पडतच नाही. सुदैवाने सहसा आठवडाभर विचार केल्याने बिघडत काही नाही.

कुशनर यांना अखेर फक्त तुकडा तपासून देणारा सर्जन मिळाला. कॅन्सर निघाला. मग बफेलोला जाऊन त्यांनी स्तन काढून घेतला, पण छातीचे स्नायू राखून. १९७९ मध्ये तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगळ्या कराव्यात, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीने केली. त्या समितीत कुशनर सदस्य होत्या. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने उपचारांचे सगळे पर्याय रुग्णाला सांगणं डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक केलं.