माहिती चौकट : सव्वाशेच का?

रिसोडच्या बाजारात सोयाबीनची दोन पोती, ६८ आणि ५७ किलो. ‘६८ अधिक ५७’ म्हणत अडत्या १२५ मांडतो, सव्वाशे म्हणतो. ‘अधिक’ या शब्दाने त्याला बेरीजच म्हणायची होती, हे कशावरून? तत्त्वज्ञ सॉल क्रिप्की यांनी १९८२ मध्ये आधीचे तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या आधारे हाच प्रश्न याच आकड्यांवर विचारला. सोपे उत्तर असे की, विचारल्यावर माणूस जे सांगेल, त्या प्रवृत्तीतच शब्दाचा अर्थ असतो. पण दमलेला अडत्या संध्याकाळी हातचा विसरतो, तीही प्रवृत्तीच. मग त्याचा ‘अधिक’ वेगळा ठरावा! शेतकरी मात्र हिशेब चुकला म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. ‘आदर्श परिस्थितीतली प्रवृत्ती धरा’ हा बचाव लटका आहे. कारण आदर्श म्हणजे चूक न होणारी, आणि चूक ओळखायला अर्थ आधीच ठाऊक हवा.

तरीही प्रवृत्तीला मोडीत काढू नये. हातचा दाखवला की अडत्या आकडा खोडतो. दुरुस्ती मान्य करण्याची ही तयारी पहिल्या उत्तरापेक्षा अधिक बोलकी आहे. सगळे गावच चुकले तर? तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांचे १९७५ मधले सोन्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मुलाम्याला सारे सोने म्हणाले तरी ते सोने होत नाही, कारण शेवटचा शब्द कसोटीचा, हे बोलणाऱ्यांनीच मानलेले असते. मात्र कोणीही कधी करणार नाही अशा अवाढव्य बेरजांना ही तयारीही पुरत नाही. तिथे क्रिप्की यांचा प्रश्न अजून उभा आहे.